भिंगारचा हिशेब

नगरच्या स्टँडवर उतरून "भिंगार" म्हटले की रिक्षावाला आणखी काही विचारीत नाही. वाटेत भुईकोट किल्ला लागतो. पंडित नेहरू १९४२ नंतर इथेच बंदिवान होते आणि 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' त्यांनी इथेच लिहिले. मग छावणीचे सरळ, सावलीचे रस्ते आणि चुन्याने रंगविलेले दगड. आणि शिस्त संपली की भिंगार गाव सुरू होते. नगर आता अहिल्यानगर झाले. पण अहमद निजामशाहाने ते वसविले पंधराव्या शतकाच्या अखेरीस आणि भिंगार त्याच्याही आधीचे! त्यामुळे भिंगारकर नगरकरांकडे जरा थोरल्या भावाच्या नजरेने पाहतात.

आमचे मामा भिंगारचे. मांडव, कनाती, गाद्या-लोड आणि कर्णे भाड्याने देण्यात त्यांची हयात गेली. दिवाळीच्या सुट्टीत मुलांना घेऊन गेलो, तेव्हा ते आम्हांला आलमगीरला घेऊन गेले. ३ मार्च १७०७ रोजी औरंगजेबाचा शेवट भिंगारजवळच झाला. देह पुढे खुलताबादला नेला. टोप्या शिवून मिळविलेल्या चार रुपये दोन आण्यांतच आपले कफन करावे, असे त्याने सांगून ठेवले होते म्हणतात.

मुले गंभीर झाली. मामा मात्र हसले.

"भाचेबुवा, बादशहाच्या खात्यावर चार रुपये दोन आणे. आणि दक्षिणेतली पंचवीस वर्षांची मोहीम कुणाच्या खात्यावर?"

"मामा, तुम्हांला काय म्हणायचे आहे?"

"निवडणुकीचा हिशेब असाच असतो."

परतीच्या वाटेवर त्यांनी एक जुनी गोष्ट सांगितली. दूरच्या तालुक्यातल्या एका निवडणुकीत त्यांनी पाच मांडव घातले होते. बिलाच्या वेळी निरोप आला : दोन साहेबांच्या नावावर, बाकीचे तीन मित्रमंडळांच्या. मामांनी तसे लिहून दिले. "मंडळाला पैसे कोणी दिले ते मी विचारले नाही. मते देणाऱ्यांना तर कळलेच नाही," ते म्हणाले. ही गोष्ट त्यांना अजून टोचत होती.

मामांच्या बिलाची वाट कायद्यानेच मोकळी केली होती. उमेदवाराच्या खर्चाला मर्यादा आहे. महाराष्ट्रात लोकसभेसाठी ती २०२२ पासून ९५ लाख रुपये आहे. पण त्याच्यासाठी दुसऱ्यांनी खर्च केला तर? दिल्लीच्या एका निवडणूक-खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर १९७४ मध्ये सांगितले, की उमेदवाराच्या संमतीने पक्षाने केलेला खर्चही त्याचाच धरावा. त्याच महिन्यात सरकारने वटहुकूम काढला : पक्षाने, संस्थेने किंवा कोणा व्यक्तीने केलेला खर्च उमेदवाराचा मानू नये. पुढे त्याचाच कायदा झाला.

आणि गंमत अशी, की या पळवाटेवर सर्वांत कडक ताशेरा ओढला गेला तो नगरच्याच निवडणुकीच्या निमित्ताने. १९९१ साली इथे यशवंतराव गडाख आणि बाळासाहेब विखे-पाटील यांची लढत झाली. तंट्याचे मूळ प्रचारातल्या भाषणांत होते आणि त्यावरूनच ती निवडणूक रद्द ठरली. पण नोव्हेंबर १९९३ च्या निकालात न्यायमूर्तींनी खर्चाचीही दखल घेतली. उमेदवाराला मर्यादा आणि इतरांना मोकळे रान असेल, तर ती मर्यादा हा निव्वळ देखावा आहे, असे त्यांचे मत पडले.

कायदा बदलायला मात्र आणखी दहा वर्षे गेली. २००३ साली ती सूट पक्षाच्या प्रमुख प्रचारकांच्या प्रवासखर्चापुरती उरली. उमेदवाराच्या लेखी संमतीवाचून त्याच्यासाठी खर्च करणे गुन्हा होताच. त्याला जुना दंड कमाल पाचशे रुपये, २०२४ पासून दहा हजार. पक्षाच्या सर्वसाधारण प्रचाराला मात्र आजही मर्यादा नाही.

मी मामांना अमेरिकेचे सांगितले. तिथे १९७६ साली न्यायालयाने ठरविले, की उमेदवाराशी संगनमत न करता कोणी स्वतंत्रपणे खर्च केला, तर त्याला मर्यादा घालता येत नाही. तो बोलण्याच्या स्वातंत्र्याचा भाग आहे. २०१० मध्ये कंपन्यांना आणि कामगार संघटनांनाही ती मोकळीक मिळाली. त्यातून निघालेली 'सुपर पॅक' नावाची मंडळे अध्यक्षपदाच्या निवडणुकीत कोट्यवधी डॉलर ओततात.

"म्हणजे तिकडचीही मित्रमंडळेच!" मामा म्हणाले.

"पण मामा, एखाद्याला स्वतःच्या पैशाने आपले मत सांगावेसे वाटले, तर त्याचे तोंड कसे बंद करायचे?"

मामा थोडा वेळ गप्प राहिले. "बोलू दे की. पण कर्णा कोणाचा आहे, ते ऐकणाऱ्याला कळायला हवे. निवडून आलेला माणूस उद्या कोणाच्या उपकाराखाली वागणार, हे आम्हांला आज नको का कळायला?"

१५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक रोखे रद्द केले, तेही जवळजवळ याच कारणासाठी : पक्षाला पैसा कोण देतो, हे जाणण्याचा मतदाराला हक्क आहे. मांडववाल्या मामांना हे न्यायालयात न जाताच उमगले होते.

घरी आलो. मामींनी चकल्यांचे ताट पुढे केले. मामांनी फडताळातून जुने बिलबुक काढून दाखविले. त्या प्रसंगानंतरच्या निवडणुकीतही पाच मांडव होते. पण बिल एकच आणि उमेदवाराच्या नावावर.

"पैसे मिळाले का?" मी विचारले.

"दोन मांडवांचे मिळाले," चकली मोडीत मामा म्हणाले. "उरलेल्या तिन्हींसाठी फेऱ्या चालू आहेत."

मामींनी कपाळाला हात लावला. पण दुसरी चकली त्यांनी मामांच्याच ताटात वाढली.