स्टार डॉट स्टार

कीबोर्डावर आठच्या आकड्याच्या डोक्यावर एक चांदणी बसलेली असते. नागपूरच्या एका मुलीची तिच्याशी ओळख झाली ती 1993 च्या सुमारास, सीताबर्डीतल्या एका कम्प्युटर क्लासात. चपला बाहेर आणि एसी आत. तो अर्थातच मशीनसाठी, पण मे महिन्यात मुलांनाही फुकटात मिळायचा. सर फळ्यावर कमांड लिहायचे आणि सगळा वर्ग बाराखडीच्या चालीत म्हणायचा: ‘डीआयआर, स्पेस, स्टार डॉट स्टार.’

डॉसमध्ये फाइलचं नाव आठ अक्षरांचं, टिंबानंतर आणखी तीन. स्टार डॉट स्टार म्हणजे सरसकट सगळं. पुसण्याच्या कमांडपुढे ते लिहिलं की डॉस थबकून विचारायचा, नक्की ना?

पुढे इंजिनिअरिंगला युनिक्स आलं, आणि तिथे हीच चांदणी निराळी वागू लागली. स्टार डॉट स्टार लिहिलं की नावात टिंब असलेल्याच फाइली यायच्या. ‘रीडमी’सारखी बिनटिंबाची फाइल खुशाल वगळली जायची. पुसताना तर कोणी काही विचारतच नव्हतं. ‘स्टार डॉट बॅक’ लिहिताना स्टारनंतर चुकून एक स्पेस पडली, तर बॅकअपच्या जुन्या फाइलींऐवजी अख्खं फोल्डर रिकामं व्हायचं.

याचं कारण तिला लग्नपत्रिकेवरच्या ‘सहकुटुंब सहपरिवार’मध्ये सापडलं. डॉस ती पत्रिका जशीच्या तशी कमांडच्या हातात देतो. माणसं किती येणार, ते कमांडने बघावं. युनिक्समध्ये टाइप केलेली ओळ वाचणारं शेल आधी घरात डोकावून नावांची यादी करतं आणि कमांडला नुसती यादी देतं. पत्रिकेवर मुळात काय लिहिलं होतं, हे कमांडला कळतच नाही. मग ‘सगळ्या फाइली पुसायच्या का?’ असं तिने विचारावं तरी कशाच्या आधारावर? 1971 च्या पहिल्या युनिक्समध्ये यादी करण्याचं हे काम ‘ग्लॉब’ नावाचा वेगळा प्रोग्राम करायचा. 1979 च्या सातव्या आवृत्तीसोबत स्टीफन बोर्न यांचं शेल आलं, तेव्हा ते काम शेलच्या पोटातच गेलं होतं.

घरात कोणीच नसेल तर? सध्या सर्रास वापरात असलेलं बॅश शेल अशा वेळी पत्रिकाच पाहुणा म्हणून पाठवतं. फोल्डरमध्ये एकही चित्र नसलं तरी एकेक चित्र हाताळणारा लूप एकदा फिरतो, तोही ‘स्टार डॉट टीआयएफ’ नावाची, अस्तित्वातच नसलेली फाइल हातात घेऊन. ‘नलग्लॉब’ हा पर्याय चालू केला की हा पाहुणा येत नाही; पण मग यादी दाखवणाऱ्या ‘एलएस’ला काहीच मिळत नाही आणि ती बापडी सगळं फोल्डर दाखवते. झेडशेल सरळ सांगतं, काही सापडलं नाही, आणि थांबतं. ते जास्त प्रामाणिक वाटतं.

नोकरी मिळाली ती उपग्रहाच्या चित्रांवर काम करण्याची. नागपूरला या कामाची परंपरा आहे. महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र, म्हणजे एमआरसॅक, इथलंच. मृदा सर्वेक्षणाची राष्ट्रीय संस्थाही अमरावती रोडला. 2013 मध्ये लँडसॅट 8 अवकाशात गेला आणि त्याची चित्रं सगळ्यांना मोफत मिळू लागली. एकाच दृश्याच्या अकरा पट्ट्या, प्रत्येकीची वेगळी फाइल, आणि नावातच जागेचा क्रमांक, तारीख, शेवटी पट्टीचा आकडा. चौथी पट्टी लाल प्रकाशाची, पाचवी जवळच्या अवरक्ताची. दोन्ही मिळून पिकाचा हिरवेपणा मोजता येतो. ही शिस्त इतकी पक्की, की स्टार टाकणाऱ्याला निम्मं काम आयतंच मिळतं.

तरीही नवीन मुलगा एके दिवशी विचारतोच, ‘मॅडम, एकच पट्टी मागितली, तीन काहून आल्या?’ त्याने शेवटी ‘बी1’ लिहून पुढे स्टार टाकलेला असतो. पहिल्या पट्टीबरोबर दहावी आणि अकरावीही आत शिरते, आणि या दोन्ही उष्णतेच्या. ‘बी1’ला लागून टिंब दिलं तर पहिली एकटी येते. मधे एक प्रश्नचिन्ह घातलं तर नेमक्या दहावी-अकरावीच येतात, कारण प्रश्नचिन्हाला बरोबर एक अक्षर लागतं. नागपूरच्या मे महिन्यात कोणता परिसर किती तापतो ते पाहायचं, तर हेच प्रश्नचिन्ह कामाला येतं.

परदेशी उपग्रहाची नावं शहाणी. घोळ व्हायचा तो मराठी नावांचा. ‘काटोल संत्रा बागा नवीन’ अशा फाइलीला दुहेरी अवतरणात ठेवलं नाही, तर शेल त्या नावाचे चार तुकडे करतं. प्रश्नचिन्हाचं गणितही इथे बदलतं. ‘नागपूर’ आपल्याला चार अक्षरी. यंत्र काना आणि ऊकार वेगळे मोजून सहा म्हणतं, त्यामुळे चार प्रश्नचिन्हांत नागपूर सापडत नाही. ‘शेतकऱ्यांची यादी’ची तऱ्हा आणखी वेगळी. त्यातला अर्धा र दोन कीबोर्डांवर दोन रीतींनी टाइप होतो, पडद्यावर दोन्ही नावं हुबेहूब दिसतात, आणि पूर्ण शब्द लिहून पुढे स्टार टाकला तर एकच हाती लागते. म्हणून ती ‘शेतक’पाशीच थांबून स्टार देते. दोन्ही येतात.

तिच्या लिनक्सवर फाइलच्या नावाला 255 बाइटांची मर्यादा आहे आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, म्हणजे फार तर 85 चिन्हं. विंडोज बाइट नव्हे, चिन्हं मोजतं, म्हणून तिथे शासन निर्णयाचं अख्खं शीर्षक नावात मावतं. तीच फाइल लिनक्सवर उतरवायला गेलं, की मशीन म्हणतं, नाव फार लांब आहे. तिथे स्टार तरी काय करणार? ‘च्या अनुषंगाने’ आणि ‘बाबत’ आधी हातानेच कापावं लागतं.