टिळक आणि तिलक

डिसेंबर 1916 मध्ये काँग्रेसच्या अधिवेशनासाठी लोकमान्य लखनौला गेले. त्या शहराच्या तोंडी ते ‘तिलक’; आजही तेच. ‘ट’चा ‘त’ झाला तो कपाळावरच्या परिचित शब्दामुळे, कारण ‘ट’ हिंदीत आहेच. ‘ळ’ची गोष्ट वेगळी. तेथील कानाला तो ‘ल’च वाटतो; ‘काळ’ आणि ‘काल’ एक होतात. मराठी माणसाने यावर हसू नये. शीन-काफच्या शुद्धतेचा अभिमान बाळगणाऱ्या लखनौचा ‘क़’ त्याला बहुधा साधा ‘क’ वाटतो, आणि तिथल्या ‘ज़ोर’मध्ये त्याला स्वतःच्या ‘जोर’मधला दंत्य ‘ज’ ऐकू येतो.

कान आळशी नसतात. जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीज यांनी 1984 मध्ये दाखवले, की इंग्रजीभाषक घरांतली सहा ते आठ महिन्यांची बाळे हिंदीतले ‘त’ व ‘ट’ वेगळे ओळखतात. वर्षाची होईपर्यंत ती क्षमता बहुतांशी ओसरते. ज्या भेदाने मातृभाषेत अर्थ बदलत नाही, त्याकडे मेंदू लक्ष देईनासा होतो. लखनौत वाढणाऱ्या मराठी मुलाच्या घरी ‘ळ’ बोलला जात असेल, तर तो शिकवावा लागत नाही. नसेल, तर ‘वेळ’ आणि ‘वेल’ यांतले अंतर त्याला पुढे डोळ्यांनी कळते. कानांनी सहजी नाही.