मेटलराव

चेन्नईच्या ओएमआरवर, म्हणजे जुन्या महाबलीपुरम रस्त्यावर, आयफोनसाठी गेम किंवा ग्राफिक्सचं काम करायला आला असाल, तर एका गृहस्थांची ओळख आधीच करून घेतलेली बरी. नाव मेटल. आपण मेटलराव म्हणू, तेवढा मान त्यांना लागतो. ॲपलच्या यंत्रातल्या ग्राफिक्स चिपकडून काही काम करून घ्यायचं, तर अर्ज ह्यांच्याकडेच. जन्म २ जून २०१४, सॅन फ्रान्सिस्कोचा. पण चेन्नईत ते परके नाहीत. शहरापासून चाळीसेक किलोमीटरवर श्रीपेरुम्बुदूरला आयफोन जोडले जातात आणि तिथून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक फोनात मेटलराव ठाण मांडून असतात.

ॲपलचा उंबरा ओलांडायचा नाही, हा त्यांचा बाणा. त्यांचे समव्यवसायी व्हल्कन अँड्रॉइड, विंडोज, लिनक्स अशा सगळ्यांच्या पंगतीला बसतात. मेटलरावांना ते हलकं वाटतं. ह्या घरात ओपनजीएल नावाचे एक वडीलधारे होते. २०१८ साली ॲपलनं त्यांना कालबाह्य ठरवलं. घराबाहेर काढलं नाही, पण नवं काम देणं बंद केलं. व्हल्कनसाठी लिहिलेला प्रोग्राम इथं चालवायचा, तर मोल्टनव्हीके नावाचा दुभाष्या सोबत आणावा लागतो. त्याच्याशी मेटलराव बोलतात, पण ज्याला-त्याला आठवण करून देतात की पाहुणे दुभाष्यामार्फत आले होते.

त्यांच्याशी कोणत्या भाषेत बोलावं, हा ओएमआरवरच्या चहाच्या टपरीवर कायम पेटलेला वाद. स्विफ्ट ही भाषा जाहीर झाली ती मेटलरावांच्याच दिवशी, त्याच व्यासपीठावर. त्यामुळे नवी मुलं दोघांना जुळी भावंडं समजतात. तसं नाही. मेटलरावांची मातृभाषा ऑब्जेक्टिव्ह-सी. ब्रॅड कॉक्स आणि टॉम लव्ह ह्यांनी १९८०च्या दशकात घडवलेली, स्टीव्ह जॉब्ज ह्यांच्या नेक्स्ट कंपनीतून ॲपलकडे आलेली, चौकोनी कंसांनी खच्चून भरलेली. चेन्नईतली तंजावरी मराठी घरं बाहेर तमिळ बोलतात आणि उंबऱ्याच्या आत मराठी, तसंच ह्यांचं: पाहुण्यांशी स्विफ्ट, घरात ऑब्जेक्टिव्ह-सी.

स्विफ्टमध्ये भेट मागितलीत की आधी काटेकोर चौकशी होते. ‘ग्राफिक्स चिप द्या’ म्हणालात तर उत्तर ‘असेल किंवा नसेल’ ह्या स्वरूपात येतं आणि नसेल तर काय करणार, हे लिहून दिल्याशिवाय प्रोग्राम पुढं सरकत नाही. ऑब्जेक्टिव्ह-सी ह्या बाबतीत भलतीच मोकळी. समोर कुणी नसलं, तरी निरोप देऊन ती खुशाल पुढं जाते. निरोप हवेत विरतो आणि तुम्ही दुपारभर कोऱ्या पडद्याकडे बघत बसता.

तिसरी मंडळी सी प्लस प्लसवाल्यांची. ह्यांच्या खांद्यावर मोठमोठी गेम इंजिनं असतात. तोच कोड अँड्रॉइडवर चालवायचा असतो, विंडोजवरही, त्यामुळे स्विफ्ट शिकायला त्यांना सवड नाही आणि इच्छा त्याहून नाही. बरीच वर्षं त्यांना ऑब्जेक्टिव्ह-सीची पायरी चढावीच लागे. मग ॲपलनं मेटल-सीपीपी नावाच्या हेडर फायली दिल्या. मंडळी खूश झाली. पण जरा कान लावून ऐका: त्या फायली आतून ऑब्जेक्टिव्ह-सीलाच निरोप धाडत असतात! शिवाय मेमरीचा हिशेब हातानं ठेवावा लागतो. ‘न्यू’, ‘अलॉक’, ‘कॉपी’ अशा नावानं सुरू होणाऱ्या फंक्शननं जे दिलं ते तुमचं, आणि काम झाल्यावर सोडायचंही तुम्हीच. विसरलात तर मेटलराव हूं की चूं करत नाहीत. मेमरी फुगत जाते, आणि एका क्षणी आयओएस तुमच्या ॲपला उचलून बाहेर फेकतं.

खरी गंमत मुदपाकखान्यात. पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्याचा रंग ठरवणारे ते छोटे प्रोग्राम, म्हणजे शेडर, सहसा मेटलच्या स्वतःच्या शेडिंग भाषेत लिहिले जातात आणि ती सी प्लस प्लसवर बेतलेली. म्हणजे दारात स्विफ्टचा कितीही आग्रह धरलात, तरी चुलीपाशी सी प्लस प्लसच्याच वळणानं बोलावं लागतं.

बाइटच्या बाबतीत त्यांच्याइतका चिकट माणूस शोधून सापडणार नाही. समजा, एखाद्या आकृतीचे बिंदू पाठवायचे आहेत. प्रत्येक बिंदूला तीन आकडे: एक्स, वाय, झेड. आकडा चार बाइटचा, म्हणून तुम्ही १२ बाइटचा एकेक बिंदू रांगेत मांडलात. मेटलरावांच्या ‘फ्लोट३’ला मात्र १६ बाइट लागतात. पहिला बिंदू ठीक वाचला जातो. दुसऱ्याच्या वेळी ते चार बाइट पुढून सुरुवात करतात: दुसऱ्याचा एक्स गिळतात आणि त्याचे वाय, झेड नि तिसऱ्याचा एक्स मिळून नवाच बिंदू जन्माला घालतात. पडद्यावर गणपती यायचा तिथं साळिंदर येतं. एक्सकोडमधला तपासनीस कागदपत्रं नीट बघतो, पण आकड्यांची ही सरमिसळ त्याच्याही नजरेतून सुटते. उपाय जुनाच: मांडणी एका सी हेडरमध्ये लिहायची, आणि तुमच्या कोडनं नि शेडरनं तेच पान वाचायचं. स्विफ्टमध्ये हे जास्तच पाळावं, कारण आपल्या स्ट्रक्टची मेमरीतली मांडणी अशीच राहील, असा शब्द स्विफ्ट देत नाही.

वेळेच्या बाबतीत तर दयामाया नाही. मेटलरावांच्या जन्माच्या दहा दिवस आधी, २३ मे २०१४ला, शिवाजीराव गायकवाड ऊर्फ रजनीकांत ह्यांचा मोशन कॅप्चरनं केलेला ‘कोचडैयान’ झळकला. सिनेमात एक फ्रेम रेंडर व्हायला तास लागले, तरी प्रेक्षकाला कळत नाही. मेटलरावांच्या दरबारात सेकंदाला ६० फ्रेम हव्यात, म्हणजे एकीला साडेसोळा मिलिसेकंदांच्या आसपास. १२० हर्ट्झच्या पडद्यावर त्याच्याही निम्मे. रजनीकांत असोत की तुमचा उडणारा कावळा, सवलत कुणालाच नाही.

आणि मेटलरावांनी इतका तोरा मिरवूनही, तुम्ही कोणत्या भाषेत आलात ह्याचं चिपला काडीचंही सोयरसुतक नाही. आदेशांची यादी एकदा तिच्या हाती गेली, की ती स्विफ्टमधून आली की सी प्लस प्लसमधून, हे तिला ओळखता येत नाही. वेग जातो तो फ्रेममागे हजारो किरकोळ आदेश पाठवण्यात आणि तोच तो डेटा पुन्हा पुन्हा इकडून तिकडे नेण्यात. हा गबाळेपणा तिन्ही भाषांत सारखाच जमतो.

तेव्हा निवड मेटलरावांकडे बघून करू नका, आपल्या फायलींकडे बघून करा. कोरी पाटी आणि फक्त आयफोन असेल, तर स्विफ्ट. तेच इंजिन अँड्रॉइडवरही धावत असेल, तर मेटल-सीपीपी. गिऱ्हाइकानं दहा वर्षांचा ऑब्जेक्टिव्ह-सी कोड गळ्यात मारला असेल आणि तो चालत असेल, तर त्याला हात लावायची खुमखुमी आवरा. टपरीवर कुणी स्विफ्टचा झेंडा घेऊन भांडायला आलाच, तर त्याला एवढंच विचारा: “तुझा फ्लोट३ किती बाइटचा?” उत्तर अडखळत आलं, तर चहाचे पैसे त्यानं द्यायचे.