रुपयात किती आणे?

सालेकसा तालुका, जि. गोंदिया
श्रावण

प्रिय ताई,

तू पाठवलेलं कात्रण मिळालं. कडेला तू पेनाने लिहिलं आहेस, ‘मग आता तुझ्या पेशंटांचं सुटलं ना?’ फोनवर उत्तर देता आलं नाही. इथे रेंज असते तेव्हा ओपीडी असते आणि ओपीडी आटोपते तोवर रेंज गेलेली असते. म्हणून पत्र.

सुटलेलं नाही. बातमी मात्र खरी आहे. नोव्हेंबर 2023 मध्ये ब्रिटनने आणि पाठोपाठ डिसेंबरात अमेरिकेने सिकलसेल या रक्ताच्या आजारावरच्या ‘कॅसजेव्ही’ उपचाराला मान्यता दिली. रुग्णाच्या मूळ पेशी काढून घ्यायच्या, क्रिस्पर तंत्राने त्यांच्या जनुकांत नेमक्या जागी छेद द्यायचा, अंगातली जुनी मज्जा केमोथेरपीने नष्ट करायची आणि बदललेल्या पेशी परत सोडायच्या. मग आईच्या पोटात असताना बाळाचं जे हिमोग्लोबिन असतं, ते शरीर पुन्हा बनवू लागतं आणि रक्त सुधारतं. अमेरिकेत याची किंमत 22 लाख डॉलर, म्हणजे आपले अठरा कोटींच्या वर. पण पैशाचं रडगाणं मी गाणार नाही. औषधं महाग जन्मतात आणि हळूहळू उतरतात, हेही उतरेल. माझं घोडं दुसरीकडेच अडलं आहे.

आधी हा आजार वैद्यकशास्त्राचा किती लाडका आहे ते सांगते. 1910 साली शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी एका रुग्णाच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी सापडल्याचं छापलं. रुग्ण होता कॅरिबियन बेटांतल्या ग्रेनाडाहून दंतवैद्यक शिकायला आलेला वॉल्टर क्लेमेंट नोएल. लेखात त्याचं नाव नाही. शिकून तो मायदेशी परतला, तिथे दातांचा दवाखाना चालवला आणि 1916 मध्ये, ऐन तिशीत गेला. 1949 मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की दोष पेशीत नाही, हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. एखाद्या आजाराचं मूळ रेणूत सापडण्याची ती पहिलीच वेळ. पुढे सात-आठ वर्षांत व्हर्नन इन्ग्रॅम यांनी रेणूतला तो दोषही हुडकला. 146 अमिनो आम्लांची साखळी, तिच्यात सहाव्या जागी एकच आम्ल भलतं. बस्स, एवढंच. मध्यंतरी 1954 मध्ये अँथनी अ‍ॅलिसन यांनी हा दोष पिढ्यान्‌पिढ्या टिकला का, तेही सांगितलं: ज्याच्याकडे दोषी जनुकाची एकच प्रत असते, त्याला मलेरिया सहसा जीवघेणा होत नाही. सालेकसा-देवरीच्या जंगलपट्टीत नोकरी करणाऱ्याला हे पुस्तकात वाचावं लागत नाही. इथे दोन्ही आजार एकाच ओपीडीत येतात.

तर इतका नेमका कळलेला आजार क्वचितच दुसरा असेल. आणि त्याचं मुख्य लक्षण काय, तर दुखणं. ते मोजायचं यंत्र कुणाकडेच नाही.

असं होतं बघ. ऑक्सिजन देऊन झाला की हे बिघडलेलं हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून ताठ होतं, पेशी वाकडी होते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसते. त्या पलीकडच्या हाडाला रक्त मिळत नाही. ते हाड दुखतं. कुठलं, ते ठरलेलं नसतं. आज मांडी, उद्या पाठ, तान्ह्या बाळाचे हातपाय सुजतात. बाईचं हिमोग्लोबिन दुखत असताना आठ आणि मंडईच्या जत्रेत रात्रभर नाटक बघून हसत घरी जातानाही आठच. त्या वेळी काढलेला एक्स-रे बहुतेकदा स्वच्छ. नाडी थोडी जलद, पण ती रांगेतल्या निम्म्या लोकांची असते. मग माझ्यासारख्या, कागदावर छापून येईल तेच खरं मानायला शिकलेल्या डॉक्टरने काय करायचं?

बहुतेक जण संशय घेतात. मी हे कुणाला दोष द्यायला लिहीत नाही, पण ऐक. एका बाईला तिच्या घरच्यांनी आधी एका मोठ्या दवाखान्यात नेलं होतं. तिथे रिपोर्ट बघून तिला सांगितलं की काही नाही, काम टाळायचं दुखणं आहे. ती माझ्याकडे आली तेव्हा कण्हतसुद्धा नव्हती. भिंतीला टेकून बसली होती. मी विचारलं तर म्हणाली, “सांगून का फायदा जी, कोनी मानत नाही. हाडात सब्बल मारून राह्यले असं वाटते.” कण्हलं तर नाटक आणि नाही कण्हलं तर दुखत नाही. तिने कसं वागायचं ते सांग.

ही फक्त आमच्याकडची गोष्ट नाही. अमेरिकेत सिकलसेलचे बहुतेक रुग्ण कृष्णवर्णीय. रात्री इमर्जन्सीत येऊन मॉर्फिन मागितलं की त्यांना नशेबाज ठरवलं जातं, असं तिथले रुग्ण वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. शेवटी तिथल्या तज्ज्ञांना मार्गदर्शक सूचनेतच लिहावं लागलं की रुग्ण आल्यापासून तासाभरात वेदनाशामक द्या. माणूस दुखतंय म्हणतो तर औषध द्या, हे सांगायला समिती बसवावी लागते!

आमची अडचण उलटी आहे. मॉर्फिन मागायला येईल असं कुणी नाही, कारण ते इथे कुणी पाहिलेलंच नाही. अफूपासून बनणाऱ्या औषधांवरचा 1985 चा कायदा इतका करकचून आवळलेला होता की साध्या दवाखान्यांनी त्यांचा नादच सोडला. 2014 मध्ये त्यात सुधारणा झाली, परवान्यांची भानगड कमी झाली, पण आमच्या कपाटात अजून पॅरासिटामॉल, डायक्लोफिनॅक आणि फार तर ट्रामाडॉल. सलाइन, ऊब आणि हे. ताप चढून धाप लागली की छातीत गुंतागुंत झाल्याची धास्ती, मग 108 बोलवायची आणि गोंदियाला पाठवायचं.

आता हंगामाचं सांगते, कारण ओपीडीतलं रजिस्टर शेताच्या कॅलेंडरवर चालतं हे मला इथे आल्यावर कळलं. सध्या धानाची रोवणी आहे. बायका सकाळपासून बांधीत वाकलेल्या, पाय गार चिखलात, पाठीवर पाऊस. उघड्या शेतात लघवीला आडोसा नाही म्हणून दिवसभर पाणी पीत नाहीत. थंडी, शोष, दमणूक. सिकलसेलचं रक्त बिघडवायला याहून वेगळं काही लागत नाही. पुस्तकातला सल्ला आहे, ‘भरपूर पाणी प्या, थंडीपासून जपा, अति श्रम टाळा.’ रोवणीच्या मजुरीवर घर चालणाऱ्या बाईला हे सांगताना मलाच कसंतरी होतं. तरी सांगते. फक्त शेवटचं वाक्य गाळते आणि पाण्याच्या बाटलीवर भर देते. मे महिन्यात तेंदूपत्त्याच्या वेळी हीच गर्दी उन्हामुळे होते.

दुखणं किती, हे विचारायची आमची शहरी पद्धत म्हणजे शून्य ते दहा. त्यावर लोक माझ्याकडे बघत राहायचे. एक म्हातारे म्हणाले, “दहा म्हंजे पोरीच्या शाळेतले मार्क का?” आमच्या सिस्टरने माझी सुटका केली. त्यांनी विचारलं, “रुपयात किती आणे दुखते?” उत्तर फटकन आलं, “बारा आणे.” सलाइन गेल्यावर परत विचारलं तर “सा आणे”. आता केसपेपरवर मी आणेच लिहिते. बंधपत्राचं वर्ष संपवून मी निघून गेल्यावर जो कोणी येईल तो चक्रावेल, पण त्याला विचारायचं सुचलं तरी पुरे.

विश्वास ठेवला म्हणजे उपचार झाला असं मात्र मी म्हणणार नाही. इथे लोक पुजाऱ्याकडे जातात, तो त्यांचं ऐकतो, आणि त्यानंतर मी पाणथरी वाढलेल्या पोरांच्या पोटावर डागल्याच्या खुणा बघते. तसलं ऐकणं मला नको. शास्त्राने दिलेली एक साधी गोष्ट आपल्याकडे आहे. हायड्रॉक्सीयुरिया. 1995 मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात दिसलं की या गोळीने दुखण्याचे झटके जवळपास निम्म्याने कमी होतात. फायदा इतका स्पष्ट होता की अभ्यास मुदतीआधीच थांबवावा लागला. आपल्याकडचा सिकलसेल सौम्य असतो, असं बरीच वर्षं म्हटलं जायचं. नागपूरला डॉ. दीप्ती जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विदर्भातल्या मुलांचा अभ्यास करून तो सगळ्यांचा सौम्य नसतो हे दाखवलं, आणि ही गोळी कमी मात्रेतही लागू पडते हेही. म्हणजे अठरा कोटींच्या उपचाराची वाट न बघता करण्यासारखं आज पुष्कळ आहे.

पण ही गोळी दुखत नसतानाही रोज घ्यायची असते, अधूनमधून रक्त तपासायचं असतं. गुण यायला महिने लागतात. जिचं दुखणं आपण खरं मानलं नाही, तिने आपल्या शब्दावर सहा महिने गोळी का गिळावी? माझा अनुभव सांगते: ज्यांना पहिल्या भेटीत ‘हो, दुखत असणार’ एवढं ऐकायला मिळालं, त्या परत येतात. बाकीच्या पुढच्या झटक्यापर्यंत दिसत नाहीत. याला पुरावा म्हणू नकोस, मी आकडे मांडलेले नाहीत.

केंद्र सरकारने 1 जुलै 2023 ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय अभियान सुरू केलं. चाळिशीपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत आजाराचं निर्मूलन असं उद्दिष्ट. तपासणी हवीच. दोघंही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता बाळाला आजार होण्याची, हे लग्नाआधी कळायला हवं. पण अहवाल आला की मुलीचंच स्थळ मोडतं, मुलाचा कागद पेटीत जातो. त्यावर एक वेगळं पत्र होईल, तेही रागावलेलं. 2016 च्या कायद्याने सिकलसेलला दिव्यांगत्वात धरलं आहे. प्रमाणपत्र मात्र कागदपत्रं बघून मिळतं, आणि दिसायला धडधाकट माणसाला तिथेही दुखणं सिद्ध करावं लागतं.

मला विचारशील तर जनुक कापणाऱ्या शास्त्रज्ञांचा मला अभिमानच आहे. पण हेरिकच्या लेखात नोएलच्या रक्ताचं वर्णन बारकाईने आहे, नाव मात्र नाही. इतक्या वर्षांत आपण रक्ताच्या बाबतीत खूप पुढे गेलो, माणसाच्या बाबतीत तेवढे नाही, हे माझं स्पष्ट मत आहे.

दिवाळीनंतर येते म्हणालीस. नक्की ये, मंडईचे दिवस असतील, झाडीपट्टीचं नाटक दाखवते. महाराष्ट्र एक्सप्रेस पुण्याहून थेट गोंदियाला येते, बदलायची भानगड नाही. खायला काही आणू नकोस. तेव्हा थंडी पडून परत गर्दी होईल, तर शेकायच्या रबरी पिशव्या आण, जमतील तेवढ्या. आमच्याकडच्या दोनांतली एक गळते. कापडी खोळ असलेल्याच घे, नाहीतर कातडी भाजते.

तुझी,
धाकटी