अनंताचे कूळ

अनंताच्या फुलाचे शास्त्रीय नाव सांगितले म्हणजे आमचे विद्यार्थी हटकून हसतात. ‘गार्डिनिया’ म्हणजे बागेतले फूल. यात शास्त्र ते काय, असा त्यांचा समज. वस्तुतः त्या नावात बाग नाही. अमेरिकेतील चार्ल्सटन शहरी वैद्यकी करणारे डॉ. अलेक्झांडर गार्डन यांचे ते स्मारक आहे. १७६१ साली जॉन एलिस याने ते दिले आणि त्यास ‘जॅस्मिनॉयडिस’, म्हणजे जाईसारखा, अशी पुस्ती जोडली. पुढल्याच वर्षी लिनियसने ‘फ्लोरिडा’ असे दुसरे नाव ठेविले. परंतु आधीचे नाव तेच खरे, या नियमाने ते मागे पडले. इंग्रज माळी तर त्यास आफ्रिकेच्या केपची जाई म्हणत आले. झाड मूळचे चीनकडील. केपशी त्याचा जन्मसंबंध नाही व जाईशी तर मुळीच नाही!

ही नुसती पंडिती करमणूक आहे, असे कोणास वाटेल. आम्हांस मात्र तिचा उपयोग कुंडीपाशी झाला. मोरा बंदरावरील आमच्या घरी मातोश्रींच्या हातचा एकच अनंत उरला आहे. येथला वारा खारा, विहिरीचे पाणी मचूळ. गेल्या वैशाखात शिरा तेवढ्या हिरव्या राहून त्याची पाने पिवळी पडली व कळ्या न उमलताच गळू लागल्या. माळीबुवांनी ‘हा मोगऱ्याचाच भाऊ’ म्हणून बुंध्याशी चुलीची राख घातली. पाने अधिकच पिवळी झाली.

तेव्हा आम्ही फांदी निरखून पाहिली. समोरासमोरच्या दोन देठांमध्ये बारीक उपपर्णे होती. मोगऱ्यास ती नसतात. तो पारिजातकाच्या कुळातला. अनंत कॉफीच्या कुळातला, आणि दात येणाऱ्या मुलांसाठी आपल्याकडे जी डिकेमाली वापरतात, तिचे झाड त्याचे सख्खे भावंड. कॉफीप्रमाणे यासही किंचित आंबट जमीन लागते. राखेच्या क्षाराने मातीतले लोह मुळांस मिळेनासे होते. मग राखेची माती काढून तांबडी माती व कुजलेला पाला भरला, चिमूटभर हिराकस पाण्यातून दिला, आणि विहिरीचे पाणी बंद करून आषाढभर पन्हळीचे साठविलेले पाणी घातले.

श्रावणात पालवी हिरवी आली. कळ्या अद्याप दोनच आहेत. कुंडी हलली की त्या गळतात, म्हणून नातवंडांस तूर्त पडवीत चेंडू खेळण्याची मनाई आहे.