माणसाची सवय यंत्राने शिकावी

संगणक म्हटला की आम्ही कष्टकरी माणसे बिचकतो. पण एके काळी गणित कोळून प्यायलेल्यांनाही तो सोपा नव्हता. साधे सूत्र सोडवायलाही यंत्राच्या सांकेतिक आज्ञा लिहाव्या लागत. त्या जाणणारे मोजकेच. जॉन बॅकस यांनी पुढे त्या जाणकारांना पुरोहितवर्गाची उपमा दिली. त्यांच्याच गटाने १९५७ साली आयबीएम कंपनीत फोरट्रान भाषा तयार केली. सूत्र जवळपास वहीतल्यासारखे लिहा, भाषांतर यंत्र करील! गणिती लोक पूर्णांकांसाठी आय, जे, एन अशी अक्षरे वापरतात. म्हणून आय ते एन या अक्षरांनी सुरू होणारी नावे फोरट्रानने पूर्णांकांचीच मानली.

मुलाला विषय जड गेला की लोक त्याच्या डोक्याला दोष देतात. पालकांनो, आम्ही म्हणतो, आधी शिकवणाऱ्याची भाषा तपासा.