दोन दिवसांत बसणारं पिंपल

'तारुण्यपीटिका' हा शब्द ज्याने काढला त्याला त्या कधी आल्या नसाव्यात. इतकं गोड नाव! :)

परवा तलासरीची भाची डहाणूला आमच्याकडे आली. महिन्या-दोन महिन्यांनी हनुवटीवर एखादं पिंपल, एवढीच तक्रार. "मावशी, ही ट्यूब लाव, दोन दिवसांत बसतं!" मेडिकलवाल्याने नुसती मागितली नि दिलेली. बारीक अक्षरं वाचली, तर बीटामेथासोन. म्हणजे स्टेरॉइड! सूज झटकन उतरते खरी, पण रोज लावत गेलं की कातडी पातळ होते, नि बंद केलं की पिंपल्स जोरात उलटतात. २०१८ साली अशी बरीच मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी झाली, ती उगाच नाही.

आता ती बेन्झॉइल पेरॉक्साइड लावते, अडीच टक्क्यांचं. जास्त टक्क्यांच्या मलमाने फायदा फारसा वाढत नाही, आग मात्र वाढते. रात्री, कोरड्या चेहऱ्यावर, पातळसा थर. उशीचा अभ्रा पांढराच हवा, रंगीत कापडावर डाग पडतात. गुण यायला सहा-आठ आठवडे. दुखरे गोळे आले किंवा व्रण राहू लागले तर मात्र थेट त्वचेचा डॉक्टर.

"एवढे दिवस?" भाचीचा चेहरा पडला. पडू दे. चेहरा जन्मभर वापरायचाय.

तुमच्याही कपाटातली ट्यूब एकदा उलटून बघा बरं.